चकचकीत बारा स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे, आणि मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. एकदा माझ्यावर आकाशातली वीज पडली आणि मी ती गिळून टाकली, यावरही कुणी विश्वास ठेवला नव्हता. मग मला ढेकर आली, तीन वर्गांतले दिवे आपोआप लागले, आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

बसा, ऐसपैस बसा. त्या व्हॉलीबॉलवर मात्र बसू नका. त्यात हवा नाही, तुमच्याआधी तोच खाली बसेल.

आज गुरुवार. गुरुवारी खेळाचा तास असतो, आणि ज्यांनी खेळाचा पोशाख आणलेला नसतो त्यांना या सामानाच्या खोलीत आणून बसवतात. त्यामुळे मला दर आठवड्याला ताजे श्रोते मिळतात. आज तुम्ही पाच जण आहात. चार जण नीट माना खाली घालून बसलेत. पाचवी ही मुलगी, एका पायात निळा मोजा आणि एका पायात पांढरा, म्हणून इथे आलेली. ती मघापासून माझ्याकडे निरखून बघते आहे. ऐकणारे मला आवडतात. निरखून बघणाऱ्यांचं मला जरा अवघडच जातं.

दारात स्टुलावर शिपाई मामा बसलेत, तुमच्यावर नजर ठेवायला. मांडीवर फाटकं जाळं आहे, हातात मोठी सुई. त्यांची काळजी करू नका. मोठ्या माणसांना माझं बोलणं ऐकू येत नाही. तुमचं मात्र येतं. तेव्हा हसायचं तर तोंडावर हात ठेवून हसा.

तर माझा जन्म. माझा जन्म दार म्हणून झाला. याच शाळेच्या ऑफिसचं मी दार होतो, चांगलं जाड सागवानी. वीस वर्षं मी ऑफिसच्या आतलंही ऐकलं आणि बाहेरचंही. कुणाला शिक्षा होणार, कुणाची बदली होणार, मोठ्या बाई डब्यातलं कुणाला देतात आणि कुणाला देत नाहीत, सगळं मला आधी कळायचं. मोठ्या बाई म्हणजे आपल्या मुख्याध्यापिका. आतल्या गोष्टी ऐकण्याची आणि त्या बाहेर सांगण्याची ही माझी सवय दारपणातली आहे. ती जायची नाही.

मग ऑफिसला काचेचं दार बसलं, आणि मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. मुंग्यांनी माझ्या खालच्या कोपऱ्यात घर केलं. असाच गेलो असतो. पण एके दिवशी शाळेत एक नवे सर आले.

ते पुस्तकातलं काही शिकवायला आलेले नव्हते. त्याआधी पंधरा वर्षं त्यांनी लोकांच्या घरात वायरिंगचं काम केलं होतं. आठवी-नववीच्या मुलांना रोजच्या जगण्यातली कामं शिकवायची, असं ठरलं होतं. नळाचा वायसर बदलणं, फ्यूज बांधणं, विजेचा मीटर वाचणं, सायकलचं पंक्चर काढणं, शर्टाचं बटण लावणं, बँकेचा फॉर्म खाडाखोड न करता भरणं. त्यासाठी त्यांना नेमलं होतं, तेही एका वर्षापुरतं, आणि दर वर्षी पुन्हा नव्यानं. मुलं त्यांना वायरमन सर म्हणायची. त्यांनाही ते आवडायचं.

त्यांना खोली मिळाली ती हीच. तेव्हा ती मोडक्या बाकांनी भरलेली होती. साहित्य काय, तर काहीच नाही. सर शाळेभर फिरले, मला टेकलेलं बघितलं, माझ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि म्हणाले, "हा अजून बोलतो."

बघा, पहिल्याच भेटीत ओळखलं.

सरांनी करवत आणली. माझं एक टोक मामांनी घट्ट धरलं, हेच मामा, तेव्हा त्यांचे केस काळे होते. दुसऱ्या बाजूनं सरांनी मला कापलं. दुखलं का, असं विचाराल तर सांगतो, मी इतक्या जोरात ओरडलो की रस्त्यावरची बस थांबली आणि ड्रायव्हर उतरून टायर बघायला लागला. मग रंधा मारला, कानस फिरवली. वरच्या बाजूला स्विच, फ्यूज आणि दिव्याचा होल्डर बसवला. त्यांची टोकं पुढच्या बाजूला सहा पितळी पट्ट्यांवर आणली, प्रत्येक पट्टीवर दोन स्क्रू, म्हणजे बारा. मुलांनी वायर सोलायची, स्क्रूखाली पिळायची, वायसर ठेवायचा आणि कसायचं. खाली मोटारसायकलची जुनी बॅटरी. सगळं बरोबर जोडलं तर माझ्या डोक्यावरचा लहानसा दिवा लागायचा. चुकलं तर नाही. मी लाडानं मार्क वाढवून देत नसे आणि रागानं कापतही नसे.

पहिल्याच दिवशी एका मुलाच्या हातून वायर घसरली आणि अशी ठिणगी उडाली की कारकून काकांच्या मिशा आठवडाभर उभ्या होत्या.

काय म्हणालीस? बारा व्होल्टला मिशा उभ्या राहत नाहीत? कुणी सांगितलं तुला? बरं, मिशा आधीपासूनच उभ्या असतील. आपण पुढे जाऊ.

त्या भिंतीकडे बघा जरा. तिथे काळ्या रंगानं आकार काढलेले दिसतात ना, हातोडी, करवत, पाना, पक्कड. प्रत्येक हत्यार आपल्या आकारावर टांगायचं, म्हणजे काय परत आलं नाही ते लगेच कळतं, ही सरांची युक्ती. आता आकार तेवढे राहिलेत. पण त्या वर्षांत तास संपला की मुलांची धावपळ उडायची, आणि घंटेनंतर भिंत भरलेली असायची.

सरांचे नियम थोडे होते. आधी डोळ्यांनी बघायचं, मग हात लावायचा. बॅटरीची वायर सगळ्यात शेवटी. आणि जोडणी करण्याआधी प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक पट्टी काचकागदानं घासायची. ते रोज सांगायचे, "पितळ चमकतंय का ते बघू नका. घासलंय का ते बघा. मध्ये कसलाही पापुद्रा असला तर वीज थांबते. तिला तुमचा थाट कळत नाही." मुलं खिशात काचकागदाचे तुकडे घेऊन फिरायची. गणिताच्या बाईंनी एकदा एका मुलाचा खिसा तपासला आणि चार तुकडे निघाले, तेव्हा त्यांना वाटलं हा काहीतरी फोडण्याच्या बेतात आहे.

बाकीच्या शिक्षकांचं आमच्याबद्दलचं मत काही फार थोर नव्हतं. परीक्षा जवळ आली की आमचे तास मागून नेत. "तुमचं काय, दिवेच लावायचेत ना," असं म्हणत. आणि स्वतःच्या घरची इस्त्री, टॉर्च, मोडकी छत्री पिशवीत घालून मधल्या सुट्टीत गुपचूप इथेच घेऊन येत. मामांचा रेडिओसुद्धा इथेच बरा झाला. त्यांच्या बायकोच्या आजारपणात घरात आवाज करणारं तेवढंच होतं. सरांनी मुलांकडून तो दुरुस्त करून घेतला आणि मामांना परत दिला. तेव्हापासून मामा या खोलीचा केर सगळ्यात आधी काढायचे.

आता पक्कडची गोष्ट.

पक्कड म्हणजे एक मुलगी. नववीत होती. कंपासपेटीत पेन्सिलऐवजी छोटी पक्कड ठेवायची म्हणून हे नाव. ती तिच्या मावशीकडे राहायची. मावशीचं कोपऱ्यावर कपडे इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. वर्गात पक्कड शेवटच्या बाकावर बसायची, विचारलं तर बोलायची नाही, आणि उत्तरपत्रिका अर्धी कोरी देऊन उठायची. तिच्या प्रगतिपुस्तकावर "लक्ष नाही" असा शेरा असायचा. मित्रांनो, मी अनेक हात पाहिलेत. थरथरणारे, घाईचे, दुसऱ्याचं बघून करणारे. त्या मुलीच्या हातांइतकं लक्ष मी कुणाच्या डोळ्यांतही पाहिलं नाही. ती स्क्रू कसायची तेव्हा मला कुणीतरी शर्टाचं बटण लावून देतंय असं वाटायचं.

मावशी आधी कुरकुर करायची, हात काळे करून येतेस म्हणून. मग एका ऐन गर्दीच्या सकाळी दुकानातली इस्त्री बंद पडली. पक्कडनं ती उघडली, आतली जळलेली वायर कापून नवी बसवली आणि शाळेची घंटा व्हायच्या आत तापवून दिली. त्यानंतर मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला कपड्यांबरोबर ही गोष्टही घडी घालून द्यायची.

पक्कड नववीत होती तेव्हा सरांना येऊन पाच वर्षं झाली होती. सहाव्या वर्षी एक पत्र आलं.

पत्रात लिहिलं होतं की शाळांमधल्या अशा खोल्यांची तपासणी होणार. जिथे मुलं खरोखर हातानं काम करतात त्या खोल्या राहतील. जिथे नुसती कागदावर कामं दाखवली आहेत त्या बंद होतील आणि त्यांच्या शिक्षकांची पुढची नेमणूक होणार नाही. तपासणीचे साहेब येतील, एका विद्यार्थ्याला दहा मिनिटं देतील, त्यानं बोर्डावर दिवा लावून दाखवायचा. शिक्षकानं मध्ये हात लावायचा नाही, बोलायचंही नाही.

म्हणजे खोली राहणार की जाणार, ते एका दिव्यावर आलं होतं. आणि दिवा माझ्या डोक्यावर होता.

सरांनी पक्कडचं नाव दिलं. शिक्षकांच्या खोलीत त्यावर बरीच चर्चा झाली. हुशार मुलगा द्या, साहेबांनी काही विचारलं तर धड बोलेल तरी, असं सगळ्यांचं म्हणणं. सर म्हणाले, दिवा बोलून लागत नाही. पक्कडला सांगितलं तेव्हा तिची एकच अट होती.

"मी भाषण करणार नाही हां सर. फक्त लावून दाखवीन."

"एवढंच तर पाहिजे," सर म्हणाले.

ती रोज सराव करायला लागली. दहा मिनिटांचं काम ती सहा मिनिटांत करायची. मग पाचात. सर मुद्दाम एखादी वायर आतून तुटलेली द्यायचे, एखादा गेलेला दिवा द्यायचे. ती शांतपणे दोष शोधून काढायची. आधी दिवा थेट बॅटरीवर लावून बघायचा, मग वायर, मग फ्यूज, मग जोड. तिला कशानंच फसवता येईना. मी मनात म्हणालो, ही खोली आता शंभर वर्षं हलत नाही.

तपासणीच्या आधी दोन दिवस सरांना प्रशिक्षणाला बोलावलं. मुलांकडून हातानं काम कसं करून घ्यावं, याचं प्रशिक्षण होतं. दोन दिवस खुर्चीत बसून त्यांनी ते ऐकलं. कशालाही हात लावायला मिळाला नाही, असं ते नंतर म्हणाले.

आणि इकडे शाळेत साफसफाई सुरू झाली.

आता जवळ या. हे मी हळू सांगतो. मामा ऐकू शकत नाहीत हे मला माहीत आहे, तरीपण हळू सांगतो. आणि यातलं एक अक्षर तुम्ही त्यांच्यासमोर बोलायचं नाही, कबूल? कबूल म्हणा.

मोठ्या बाईंच्या टेबलाला व्हार्निश दिलं होतं, त्यातलं थोडं डब्याच्या तळाशी उरलं होतं. मामांना वाटलं, साहेब येणार, आणि आपला बोर्ड हा असा, ओरखडे पडलेला, शाईचे डाग लागलेला. सरांसाठी आपण काहीतरी करावं. सर नसताना करावं, म्हणजे आल्यावर त्यांना आनंद होईल. शाळा सुटल्यावर ते आले. मला आडवं ठेवलं. ओल्या फडक्यानं पुसलं, कोरड्यानं पुसलं. मग ब्रश घेऊन माझ्या अंगावर व्हार्निश लावलं, एक हात, दुसरा हात. तिथवर ठीक होतं. मला तर गुदगुल्या होत होत्या.

पण मामा अर्धवट काम करणारे नव्हेत. त्यांनी बाराच्या बारा स्क्रू काढले. प्रत्येकाचा वायसर काढला. एका वाटीत उरलेलं व्हार्निश ओतलं आणि एकेक स्क्रू, एकेक वायसर त्यात बुडवून वर्तमानपत्रावर वाळत घातला. पितळी पट्ट्यांवरूनही ब्रश फिरवला, दोनदा.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. पाच वर्षं मी तेच एक वाक्य ऐकत आलो होतो, मध्ये कसलाही पापुद्रा असला तर वीज थांबते. व्हार्निश हा पापुद्राच. तोही असा लबाड की दिसत नाही. उलट पितळ आणखी झळाळतं. मी ओरडायचा प्रयत्न केला. पण मोठ्या माणसांना माझं ऐकू येत नाही, हे मी तुम्हाला गमतीनं सांगितलं होतं ना मघाशी. त्या संध्याकाळी ती गंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वाळलेले स्क्रू मामांनी परत जागच्या जागी बसवले. एकही इकडचा तिकडे केला नाही. दोन पावलं मागे जाऊन मला बघितलं आणि म्हणाले, "नवरदेव दिसतोस रे. आता उद्या सरांची लाज राख."

त्यांनी दिवा मालवला आणि दार ओढून घेतलं. मी भिंतीला टेकून चमकत राहिलो.

तपासणीच्या सकाळी सर धावतपळत आले, तेव्हा साहेब आवारात शिरलेच होते. सरांनी मला बघितलं. माझ्या लाकडावरून तळवा फिरवला. "मामा, काय केलंत हे," खूष होऊन म्हणाले. मामा दाराशी उभे, हात मागे बांधून, मोठ्या माणसाच्या लग्नात उभं असल्यासारखे. सर लाकडाकडेच बघत राहिले. स्क्रूंकडे त्यांनी पाहिलंच नाही, त्याला वेळही नव्हता.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. उन्हातून आले होते, पाणी मागितलं, आणि त्या दिवशी त्यांना आणखी चार शाळा करायच्या होत्या. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सरांनी दोन्ही हात पाठीमागे धरले. पक्कड पुढे आली.

तिनं सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. आधी डोळ्यांनी बघितलं. मग स्क्रू सैल केले. मग खिशातून काचकागदाचा तुकडा काढला, आणि पट्टीवर टेकवला.

मी म्हणालो, घास. घास पोरी.

ती थांबली. पट्टी आरशासारखी चमकत होती. तिनं दाराकडे बघितलं. मामा तिच्याकडे बघून हसत होते. दोन दिवस राबून कुणीतरी एवढं सुंदर केलेलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्यावर काचकागद घासायचा? आठवीपासून तिनं एकदाही न मोडलेला नियम तिनं तेवढ्यासाठी मोडला. काचकागद परत खिशात गेला.

जोडणी पाच मिनिटांत झाली. शेवटी बॅटरीची वायर. मग स्विच.

दिवा लागला नाही.

ती घाबरली नाही. दिवा काढला, दोन वायरी धरून थेट बॅटरीवर लावला. लगेच लागला. साहेबांनी मान वर केली, हातातलं पेन उघडलं आणि म्हणाले, "लागला की. छान. झालं."

मित्रांनो, तिनं तेव्हा नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तर तिला जन्मापासून येत होतं. साहेब लिहून मोकळे झाले असते. मोठ्या बाईंनी तर टाळीसाठी हात जवळसुद्धा आणले होते.

पक्कड म्हणाली, "नाही साहेब. हा फक्त दिवा तपासला. बोर्डावर अजून लागायचा आहे."

सरांनी डोळे मिटले. मी त्यांच्या समोरच होतो, म्हणून मला दिसलं. त्यांना वाईट वाटलं की अभिमान वाटला ते मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही. बहुतेक दोन्हींचा जोड घट्ट बसला असावा.

साहेबांनी पेन पुन्हा बंद केलं. घड्याळाकडे बघितलं. उरलेली मिनिटं तुझी, म्हणाले. तिनं वायर तपासली, चांगली होती. फ्यूज बघितला, चांगला होता. उरले ते फक्त जोड. ती एकेक स्क्रू आणखी कसत गेली. बोटं पांढरी पडली. ती अगदी तिथे पोचली होती, बोटाखालीच दोष होता, केसाएवढ्या जाडीचा. सरांचे ओठ हलले, पण बोलायचं नाही असा नियम होता आणि सर नियम पाळणारे. मी तिच्या हाताखाली होतो आणि तिला सांगू शकत नव्हतो. घड्याळात एक मिनिट राहिलं.

आणि मग मित्रांनो, मग काय झालं ते ऐका.

मी म्हटलं, पुरे झालं. दार असताना वादळं अडवली, वीज गिळली, आणि एवढ्याशा व्हार्निशपुढे हार मानायची? मी बॅटरीतली सगळी वीज एका दमात ओढून घेतली. ती व्हार्निशपाशी आली, अडली. मी मागून असा धक्का दिला, असा धक्का दिला, की ती व्हार्निशच्या आरपार गेली. आणि दिवा लागला. नुसता लागला नाही, असा लागला की साहेबांनी खिशातून काळा चष्मा काढून घातला. खिडकीतून उजेड बाहेर पडला आणि रस्त्यावरच्या कोंबड्यांना वाटलं, दुसरी सकाळ झाली. टाळ्या, टाळ्या. साहेबांनी लिहिलं, "अतिशय उत्तम." मामांनी डोळे पुसले. सर म्हणाले, "मामा, तुमच्या व्हार्निशनं लाज राखली." हो, अगदी असंच म्हणाले.

खोली राहिली, अर्थातच. नुसती राहिलीच नाही, तर वाढली. आता तिला दोन मजले आहेत, पलीकडच्या बाजूला, तुम्हाला इथून दिसायचे नाहीत. सर आता सगळ्या शिक्षकांना शिकवतात, हात लावू देऊन शिकवतात. पक्कड मोठी इंजिनियर झाली. आख्ख्या शहराचे दिवे तिच्या एका स्विचवर आहेत. त्या दिवसानंतर मला त्या दोघांचं तोंड पुन्हा दिसलं नाही... म्हणजे, कामंच इतकी असतात त्यांना. मी इथे आहे तो थोडी विश्रांती घ्यावी म्हणून. नऊ वर्षं झाली. या जुन्या जागेत जाळी आणि स्टंप ठेवतात, तर त्यांनाही सोबत हवी. आठवी-नववीच्या मुलांना आता दिवा कसा जोडायचा ते पडद्यावर दाखवतात. चांगलं असतं. पडद्यावरचा दिवा दर वेळी लागतो. मामा अधूनमधून येतात, माझ्यावरची धूळ पुसतात आणि म्हणतात, "दिसायला तरी आपण कमी पडलो नाही रे." मी त्यांना काही सांगत नाही. सांगता येत असतं तरी सांगितलं नसतं.

तर मित्रांनो, माझं आत्मवृत्त इथे संपत आलं. जाता जाता एवढीच विनंती करतो. जुन्या वस्तूंना कोपऱ्यात टाकू नका. त्यांना नुसतं चमकवूही नका. त्यांचा वापर करा. हातांना काम द्या. वस्तू बिघडली तर उघडून बघा, आणि जे तुमच्यासाठी मनापासून काही करतात, त्यांच्या...

अगं, काय करतेस तू? ते कर्कटक कशाला काढलंस कंपासपेटीतून? ओरबाडू नकोस, दुखतं मला. किती वेळ चाललंय हे? तुझ्या निळ्या मोज्यावर तर पिवळ्या पापुद्र्यांचा ढीग पडलाय. हळू. हळू बोल. कबूल म्हणाली होतीस ना. तिकडे बघू नकोस. मामांची सुई जाळ्यात थांबली आहे, ते इकडेच बघताहेत. बाकी काहीही म्हण, मी खोटारडा आहे म्हण, मिशांचं खोटं होतं म्हण, फक्त ते...

"मामा, इकडे या ना. याच्या बाराही स्क्रूंना अजून व्हार्निश तसंच आहे, खालून, वायसरलासुद्धा. मी फक्त हा एक घासला. याच्यातून वीज जाणारच नाही. त्या दिवशी दिवा लागलाच नसणार, हा खोटं सांगतोय."